ट्यूबमधला गॅस

२ फेब्रुवारी
कॉलेज सोडलं ते बरंच केलं! भर लॅबमध्ये सरांना तोंडावर म्हणालो — तुम्ही दिलेलं पॅलेडियमच भेसळीचं, माझ्या जोडीदार क्रांतीला कशाला बोलता? बॅग उचलली आणि सांगलीहून थेट औंधला घरी. एम.एस्सी. गेली खड्ड्यात.
क्रांतीनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

४ फेब्रुवारी
डोक्यातून जात नाही. वर्षभर आम्ही दोघांनी एकच काम केलं — पॅलेडियम धातूच्या चिमूटभर भुकटीवरून मिथेन आणि हवा सोडायची, तापवायचं, मिथेन किती जळालं ते मोजायचं. ज्योत नाही, धूर नाही, आणि शंभरातलं नव्वद जळायचं! आकडा बघून क्रांती हसायची. त्या हसण्यासाठी मी काय केलं नसतं!
जानेवारीत मिथेनचा सिलिंडर संपला. नवा यायला महिना. सर परगावी. मी घरच्या गोबरगॅसनं ट्रॅक्टरची ट्यूब भरली, दुधाच्या टेम्पोतून सांगलीला नेली. मिथेनच की तोही! "येडा हायस तू, ऋषिराज," क्रांती म्हणाली. ट्यूबवर फळी, फळीवर दगड — गॅस सुरू.
चार दिवसांत नव्वदाचे बारा झाले.

६ फेब्रुवारी
वर्गमित्र गुंडा, त्याचा फोन. "लेका, तू गेलास पळून, हितं सरांनी क्रांतीला लय झापलं. म्हणाले, सॅम्पल बनवताना तूच घाण केलीस. पंधरा तारखेपर्यंत कारण सांग, न्हाईतर प्रोजेक्ट रद्द! वर्ष गेलं रं तिचं."

७ फेब्रुवारी
सात वेळा फोन केला. उचलत नाही.

९ फेब्रुवारी
आई म्हणाली, "रिकामा बसलायस तर देवाचे टाक तरी घास." चांदीचे टाक, कोळशासारखे! मागच्याच पुनवेला घासले होते म्हणे. "शेगडी देव्हाऱ्याजवळ आली तवापासनं देव लगीच काळं पडत्यात बाबा. गॅसच तसला हाय."
चिंच हातात तशीच राहिली.
गंधक! गोबरगॅसला येतो तो कुजक्या अंड्याचा वास! चांदीला सोडत नाही तो पॅलेडियमला सोडेल? जागा अडवून बसतो, मिथेनला टेकायलाही मिळत नाही — परीक्षेत लिहिलंय मी हे! गॅस लोखंडाच्या किसातून गाळून घ्यायचा, एवढंही सुचलं नाही. मीच मारलं तिचं काम. आणि ओरडलो कुणावर!

११ फेब्रुवारी
सांगितलं तर ती सुटेल. पण परत माझं तोंड बघणार नाही.
उद्या पहिली गाडी.

१२ फेब्रुवारी
सरांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "नवं सॅम्पल बनवू दे तिला." बाहेर क्रांती उभी. तिनं आपली कच्ची वही माझ्या हातात दिली. १८ जानेवारीचं पान, तिचं अक्षर —
'गॅस ऋषिराजच्या घरचा. गंधकाचा वास येतोय. पण एवढ्या लांबून मिरवत आणलाय त्यानं. नाही म्हणवेना. नळी जोडली.'