सत्त्याण्णव टक्के अक्का

जे. पी. नगर, बेंगळुरू
मंगळवार

ती. रत्नाक्का हिच्या पायांशी धाकट्या योगीराजचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरीणबाईंनी मला अजून वाकायला मनाई केली आहे, तेव्हा साष्टांगातली जेवढी अंगं कागदावर मावतील तेवढी गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? निपाणीत यंदा थंडी किती? इकडे आम्ही सर्व ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तू गेले बावन्न दिवस माझा फोन उचललेला नाहीस. सुखदाचा उचलतेस, आर्याचा उचलतेस, पण त्यांच्या फोनवर मी बोलायला लागलो की तुला ऐकू येईनासं होतं. अक्का, बायकोसाठी आणि मुलीसाठी रेंज असते आणि सख्ख्या भावासाठी जाते, असं दूरसंचारात होत नाही. मी त्याच खात्यात एकतीस वर्षं काढली आहेत. म्हणून हे पत्र.

तुला सगळं ठाऊक असलं तरी पत्र अथपासून लिहावं असं बाबा सांगायचे, म्हणून सांगतो. गेल्या वर्षी मला रक्ताचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी जालीम औषधं देऊन माझ्या हाडांतला रक्ताचा कारखाना पार धुऊन काढला आणि नव्या कारखान्यासाठी माणूस शोधायला घेतला, तर तुझंच सगळं जुळलं. तू पाच दिवस सुया टोचून घेतल्यास आणि मग दोन्ही हात यंत्राला जोडून चार तास पडून राहिलीस. (हात न हलवता तुला बोलताना मी जन्मात प्रथमच पाहिलं. यंत्रावरचा यल्लाप्पा खानापूरचा, म्हणजे आपल्याच भागातला निघाला तेव्हा तर तुझी फारच घुसमट झाली.) मग तुझ्या मूळ पेशी, ज्यांना इथे सगळे स्टेम सेल म्हणतात, त्यांची अर्ध्या लिटर नंदिनी दुधाएवढी पिशवी माझ्या डोक्यावर टांगली. ती थेंबथेंब माझ्यात उतरली आणि तेव्हापासून माझ्या अंगात जे रक्त तयार होतं ते तुझं. हॉस्पिटलात यावर संशोधन चालू आहे. भावंडांच्या पेशी घेतलेल्यांना दोन वर्षं नजरेखाली ठेवतात. दर महिन्याला माझी एक नळी घेऊन तिच्यात बाईच्या पेशी किती आणि पुरुषाच्या किती ते मोजतात. बाईच्या म्हणजे तुझ्या. तो आकडा शंभराच्या जवळ राहिला की डॉक्टरीणबाई हसतात, आणि उतरायला लागला की जुनं दुखणं पुन्हा डोकं वर काढू शकतं. थोडक्यात, मी किती बाई आहे यावर माझं जगणं अवलंबून आहे. आर्याच्या साखरपुड्याच्या आधी सलग तीन महिने मी सत्त्याण्णव टक्के तू होतो.

आता त्या वहीचं. संशोधनात एक तक्ता भरायचा असतो. झोप किती लागते, भूक किती, थकवा किती, प्रत्येकाला पाचपैकी गुण. शेवटी 'इतर काही' असं लिहून तीन कोऱ्या ओळी सोडलेल्या असतात. इतर रुग्ण तिथे रेघ मारतात. मी पुरवणी म्हणून वहीच जोडली. आजवर एक्केचाळीस पानं झाली आहेत. त्यात मी तारीखवार नोंदलं आहे की, तुझं रक्त आल्यापासून मी पहाटे पाचला उठून इतरांनाही उठवतो. जन्मभर ताटाबाहेर काढलेलं कारलं मागून घेतो. भाजीवाल्याने निवडून दिलेला प्रत्येक टोमॅटो परत करतो. आणि एके दिवशी घरातली सगळी स्टीलची भांडी पोत्यात भरून मी बाजारात नेली आणि तुझ्या घरी असतात तशी नावं घालून आणली. नाव मात्र माझं न घालता 'रत्ना' घातलं. त्या पोत्यात शेजारच्या गंगव्वांचा डबाही गेला होता. त्यांनी बिसीबेळेभात दिलेला. आता त्या विचारतात की, ही रत्ना कोण आणि ती माझ्या डब्यात कशी? मी म्हटलं, ती सध्या माझ्यातच असते. तेव्हापासून भात येणं बंद झालं.

हे सगळं इंग्रजीत आणायचं काम संशोधनातल्या निहारच्या गळ्यात पडलं, कारण त्या विभागात मराठी वाचणारा तो एकटाच. नागपूरचा मुलगा, राहतो व्हाइटफील्डला, मेट्रोत उभ्याने माझी वही वाचतो. पहिल्यांदा म्हणाला, काका, पेशींबरोबर स्वभाव येत नाही, फक्त रक्त येतं. मी म्हटलं, तू माझ्या अक्काला ओळखत नाहीस. तरी पुढच्या खेपेला नळी घेण्याआधी त्याने हळूच विचारलं की, गंगव्वांच्या डब्याचं पुढे काय झालं.

आणि मग तुझे चुलत सासरे गेले. (त्र्याण्णव वर्षं म्हणजे पुष्कळ झाली, पण माणूस प्रेमळ.) तू फोन करून सांगितलंस की, मला दहा दिवसांचं सुतक आहे, साखरपुड्याला येता येणार नाही, तुम्ही उरकून घ्या. मी फोन ठेवला आणि विचारात पडलो. सुतक रक्ताला लागतं. रक्त अक्काचं. म्हणजे मलाही लागलं. मी देवघराचं दार ओढून घेतलं आणि तसं सुखदाला जाहीर केलं. ती पुण्याची, तिने आधी शांतपणे ऐकून घेतलं. मी तिला पुढे समजावलं की अक्का लग्न करून दाजींच्या गोत्रात गेली, तेच रक्त माझ्यात आलं, म्हणजे मीही त्या घरचा झालो. आणि पेशी बाईच्या असल्यामुळे मुलगा म्हणून नव्हे, तर सून म्हणून. सुखदाने विचारलं, "मग मी तुमची कोण?" मी पंचांग बघतो म्हणालो. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी फक्त औषधांपुरतं बोलली.

शेवटी आम्ही इथल्या शास्त्रींना बोलावलं. ते कन्नड. सगळं ऐकून म्हणाले, "सरी, स्वल्प योचने माडोणा." थोडा विचार करू म्हणून त्यांनी माझा रक्ताचा अहवाल मागितला, चष्मा बदलला, आणि निकाल दिला की सत्त्याण्णव टक्के सुतकात आहेत, तीन टक्के मोकळे, त्या तीन टक्क्यांनी नारळाला हात लावायला हरकत नाही. पण ते तीन टक्के नेमके कुठल्या हातात? निहारला फोन लावला. तो म्हणाला, काका, ते अंगभर फिरत असतात, एका जागी थांबत नाहीत. शास्त्रींनी अहवालाची घडी घातली आणि सांगितलं की, मग तुम्ही हॉलच्या उंबऱ्याबाहेर बसा.

तर तुझ्या भाचीचा साखरपुडा येलहंक्यात असा झाला की, तिचा मामा माझ्या पाटावर बसला आणि मी, मास्क लावून, चपलांजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. (डॉक्टरीणबाईंनी नंतर माझं कौतुक केलं. गर्दीत न जाता मोकळ्या हवेत बसणारा रुग्ण त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.) आपल्या होणाऱ्या जावयाचे, ध्रुवचे मामा फत्तेसिंग, हवाई दलातून निवृत्त झालेले, उशिरा आले, त्यांनी माझ्या हातात गाडीची किल्ली ठेवली आणि सावलीत लावायला सांगितली. आता मुलाकडच्यांना पहिल्याच भेटीत नाही कसं म्हणायचं? मी गाडी सावलीत लावली. ते बाहेर पडताना वधुपित्याला भेटायचं राहिलं म्हणाले, तेव्हा मी किल्ली परत दिली आणि नमस्कार केला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. आर्या मात्र अंगठी घालून झाल्याबरोबर शालूसकट बाहेर आली, चपलांत बसली, आणि तुला फोन लावून माझ्या कानाशी धरला. तू एवढंच म्हणालीस, "योग्या, रक्त दिलं रे तुला, अक्कल द्यायची राहिली." आणि ठेवलास. त्याला आज बावन्न दिवस झाले.

अक्का, चुकलो. पोरीच्या आयुष्यातला तो दिवस मी बाहेर बसून घालवला, त्याबद्दल तिची माफी मागितली आहे, तुझीही मागतो. लग्न वैशाखात आहे. त्या दिवशी तुमच्याकडे कुणीही गेलं तरी मी आत बसेन, असं सुखदाने माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आहे. दाजींना नमस्कार.

तुझा आज्ञेबाहेरचा,
योगीराज

ता. क. : तुझ्या हातचं मेतकूट संपलं आहे. जमल्यास कुरिअरने पाठव.

ता. क. दुसरा : मेतकूट नको. तू ये. साखरपुड्यानंतरच्या महिन्यात आकडा अठ्ठ्याऐंशी आला आणि काल एकोणऐंशी. तू हळूहळू माझ्यातून निघून चालली आहेस, आणि तुझ्या जागी जो येतो आहे तो माझा जुना मी आहे, ज्याचा मला काही भरवसा नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुझ्या पांढऱ्या पेशी पुन्हा थोड्या दिल्या तर बहुतेक वेळा गाडी रुळावर येते. खात्री कुणी देत नाही. या खेपेला पाच दिवसांच्या सुया नाहीत, यंत्रावर तीन-चार तास. सुखदा कालच तुला फोन करणार होती. मीच म्हटलं, मी लिहितो. लिहायला बसलो आणि नऊ पानं हे सोडून सगळं लिहिलं.

ता. क. तिसरा : वहीतलं बरंचसं खोटं आहे. भाजीवाल्याशी मी पूर्वीपासून भांडतो, सुखदाला विचार. कारलं मला अजिबात आवडत नाही. नळी द्यायच्या आठवड्यात दोन्ही वेळा खातो. निहारला हे कळलेलं आहे, तरी तो लिहून घेतो. सुतकाचंही तेच. माझा त्या सुतकाशी संबंध नाही असं एकदा तोंडाने म्हटलं असतं, तर मग तुझ्या रक्ताशीही नाही असं झालं असतं, आणि तेवढं म्हणायचं मला धाडस झालं नाही.

ता. क. शेवटचा : राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं बेळगावहून तिकीट आर्याने काढलं आहे, खालचा बर्थ, शुक्रवारचं. त्याआधी एकदा फोन उचल आणि मला चांगलं झाप. कालपासून या घरात सगळे माझ्याशी फार गोड बोलताहेत, आणि मला त्याची भीती वाटते.