बिनकामाची तळी

प्रिय दीपेश,

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. आमच्या नारपोलीत शेजारचे कापडाचे लूम क्षणभर थांबत नाहीत, तरी तुझा आवाज त्यांच्यावर चढला होता. पूर्णा गावच्या आपल्या शेतात गोदाम होणार, सखलातली तळी बुजणार, आणि तिच्या बदल्यात दारात सिमेंटची टाकी, कारंजं, रंगीत मासे आणि वर पाटी, ‘निसर्ग वाचवा’. निसर्गाला निदान पाटीवर तरी जागा दिलीस. केवढं तुझं मन!

तळी पाहायला इंजिनिअरला नेलंस तेही वैशाखात. भेगाळलेली माती दाखवून म्हणालास, ‘‘पानी हाय कुठं? डबकं हाय ते.’’ मे महिन्यात शाळेत डोकावून गावात पोरंच नाहीत म्हणावं, तशी ही अक्कल. अरे, ती दर उन्हाळ्यात आटते म्हणून तर तिच्यात जीव आहे. बारमाही पाणी असतं तर मोठे मासे तिथेच राहिले असते आणि बेडकांची अंडी-पिल्लं त्यांनी फस्त केली असती. बेडूक त्या भेगांखालच्या मातीत उन्हाळा काढतात. तुझ्या टाकीच्या सिमेंटवर त्यांनी काय डोकं आपटायचं?

आषाढात ओढ्यातून चढणारे मासे या तळीतच अंडी सोडायचे. म्हणून नवरात्र बसेपर्यंत बाबा तिच्यात जाळं टाकू देत नसत. एकदा आत्याचे यजमान वडप्याहून आले आणि हौसेनं जाळं घेऊन पाण्यात उतरले. बाबांनी जावयाचाही मान ठेवला नाही, बाहेर काढलं आणि घरी सुकट-भात वाढला. कमळपक्ष्याची पिल्लं पानांवरून चालताना बघायला तू बाबांच्या खांद्यावरून उतरत नसायचास. चड्डीत बेडकी शिरली म्हणून गावभर बोंबलत पळालास, तेही माझ्या लक्षात आहे. तिचा सूड इतक्या वर्षांनी उगवतोयस की काय?

तळीमुळे डास होतात, हे तुझं कारण तर फारच शहाणपणाचं. डास होतात आमच्याकडच्या कूलरमध्ये आणि पिंपांत. तळीत त्यांच्या अळ्या खायला बेडूक आहेत, चतुर आहेत. पण कंत्राटदार बोलला की तुला ते वेदवाक्य. तुझा राग येतो, दीपू, आणि बाबांचा मुलगा असा निघाला याचं वाईटही वाटतं.

उद्या बाबांच्या मागे उरलेल्या जमिनीच्या हक्कसोडीच्या सहीला तू मला बोलावलं आहेस. बहिणीनं सही करायची, साडी घ्यायची आणि माहेर राखायचं, ही आपली रीत. सही नाही तर माहेरची वाट बंद, असंही तुझ्या बायकोकरवी, कमळाकरवी, कळवलंस. मी येणार नाही. वकिलाकरवी मी माझा वाटा मागते आहे, तळीच्या बाजूचा. तू जिला बिनकामाची म्हणतोस तीच जागा मागते आहे, तेव्हा तक्रार नसावी. आईला आधी सांगितलं. ती तुझ्या घरात राहते, घाबरेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, ‘‘माजा वाटा पन तळीकडंच धर.’’ आता उरलेल्या जागेत गोदाम किती लांब होतं ते बघ. आणि आईला जेवण वेळेवर वाढत जा.

तुझीच, आणि आता तुझी हिस्सेदारही,
तुळजाताई