भिंतीला ठोकलेला टीव्ही

शेळगाव, वस्तीवरून
शनिवार, दुपार

प्रिय स्वरूपा,

पत्र बघून हसशील. ताईच्या हातात दिवसभर मोबाईल असतो आणि हिला आत्ता कुठं कागद-पेन आठवलं, म्हणशील. पण फोनवर तू कायम घाईत असतेस, आणि हितं आई शेजारच्या खाटेवर कान टवकारून बसलेली असते. मला जे सांगायचंय ते तिच्या कानावर जायला नको. आत्ता ती बाहेर ओट्यावर लसूण सोलतीय आणि मी दार लोटून लिहायला बसलेय. माझं अक्षर तुला माहीत आहे, राग आला की मोठं होतं. सांभाळून घे.

टीव्ही घेतला हे तुला माहीत आहे, का घेतला ते माहीत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आई तुझ्याकडं आठ दिवसांसाठी म्हणून आली. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला, मग उन्हाळाच लागला. मी दर फोनला विचारायची, कधी येतीस, आणि ती म्हणायची, येते की, डोळा जरा निवळू दे. डोळा कधीच निवळला होता गं, त्याच डोळ्यानं ती तुझा पंचावन्न इंची टीव्ही बघत होती. न राहवून मी बारामतीला आले, त्या दिवशी काय बघितलं? आई सोफ्यावर मांडी घालून बसलेली, पाठीला लोड, हातात रिमोट. तुझ्या राजनंदिनीनं आजीला शिकवून ठेवलेलं, बटण दाबायचं आणि पाहिजे ते बोलायचं. आईनं रिमोट तोंडापाशी नेला, घसा खाकरला आणि हुकूम सोडला, नरसिंहाची आरती लाव. आणि लागली की! माझ्याकडं अशी बघत होती जसा तो टीव्ही तिनंच घडवलाय. वर मला विचारते, संजे, तुमच्यात हे लागत न्हाय, व्हय गं?

तुमच्यात! बाबा गेल्यापासून ती माझ्या घरात राहते. मशेरीची डबी कुठल्या फळीवर, चहात गूळ किती, कुठल्या गुडघ्याला तेल जास्त लागतं, सगळं मला पाठ. आणि माझं घर झालं ‘तुमच्यात’. मी हसले, तुझा चहा प्याले, तुझ्या पडद्यांचं कौतुकही केलं. मग एसटीत बसले आणि खिडकीकडं तोंड करून इंदापूर रोडभर रडले. हो, जळले मी. आत्ता हे लिहितानाही जळतेय. एवढ्याशा टीव्हीवरून कुणी जळतं का, म्हणशील. टीव्हीवर नाही बाई, तुझ्यावर.

घरी येऊन मी तुझ्या दाजींना म्हटलं, तसला टीव्ही पाहिजे. दाजींचा स्वभाव तुला ठाऊक आहे, विहिरीवरची मोटार जळल्याशिवाय वायर बदलणार नाहीत. त्यांनी आधी तुझ्या नवऱ्याला, दीपकरावांना, स्पीकरवर फोन लावला. दीपकरावांनी शहाण्यासारखं सांगितलं, नवीन टीव्ही कशाला घेताय, तुमचा पडदा चांगला आहे, मागं एचडीएमआयचं भोक आहे, त्यात एक स्टिक खोचा की झाला स्मार्ट. उलट स्मार्ट टीव्हीच्या पोटातलं सगळं काही वर्षांत रखडायला लागतं, पडदा धडधाकट असून उपयोग नाही. स्टिक बिघडली तर तेवढीच बदलायची. दाजी एकदम खूश. मला म्हणतात, बघ, बोटाएवढी कांडी हाय, काम झालं. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. धाकटीच्या घरी भिंतभर टीव्ही आणि थोरलीनं कांडी खोचून भागवायचं!

तरीही मी ऐकलं असतं, कारण बोलण्यात खोट नव्हती. पण दीपकराव पुढं म्हणाले, आणखी एक फायदा सांगतो ताई, आईंसाठी आम्ही आतली खोली रिकामी केलीय, तिथं साधा टीव्ही आहे. आई तुमच्याकडं निघाल्या की कांडी काढायची, पिशवीत टाकायची. इकडं आल्या की हितं लावायची. मालिका जिथं सोडली तिथूनच सुरू. बिचाऱ्यांनी चांगल्या मनानं सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र एकच अडकलं. आईसाठी खोली रिकामी केलीय! तिथं खाट टाकून झाली असेल, देवाचा फोटो लावून झाला असेल, आणि मला हे कळतंय कांडीच्या निमित्तानं. तू का नाही सांगितलंस गं? मी दाजींच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, मला ने-आण करायचं काही नको. भिंतीला ठोकलेलंच पाहिजे.

इंदापूरच्या दुकानात माणूस आम्हाला रंग, आवाज, मेमरी, काय काय समजावत होता. मी एकच विचारलं, पंचावन्नापेक्षा मोठा आहे का? दाजींनी वर छताकडं बघितलं. पासष्ट इंची आणला. तो बसवायला कपाट हलवावं लागलं, दाजींची खाट पडवीत गेली, आणि आता नीट दिसावं म्हणून मागं सरकलं की पाठ दाराला लागते. पण मोठा आहे. तुझ्यापेक्षा मोठा आहे.

मग आईला आणायला आले, आठवतं? डोळा बरा झाला, नरसिंहपूरला जाऊन नारळ ठेवायचा बोललेय म्हणाले. नवस खरा होता, देवाशी खोटं बोलायची नाही मी. पण आईचे सगळे कपडे भरताना तू विचारलंस, एका दर्शनाला एवढे कशाला, आणि मी म्हटलं, संगमावर पाय धुताना भिजतील. परतीला गाडी शेळगावातच थांबली. तू संध्याकाळी फोन केलास तेव्हा आई टीव्हीसमोर होती आणि मी तुला मुद्दाम मोठ्यांदा सांगितलं, तिला हितंच करमतंय.

खरं म्हणजे तेव्हा पडद्यावर काहीच नव्हतं. वस्तीवर रेंज येते ती एका खिडकीत, आणि नेट होतं फक्त दाजींच्या फोनवर, माझ्या फोनला ते नाही. दाजी उसाला पाणी द्यायला गेले की फोन त्यांच्या खिशात, आणि हितं पासष्ट इंचात नुसतं गोल गोल फिरतंय. समोरच्या वस्तीवरची दगडाबाई खास टीव्ही बघायला आली, बराच वेळ ते फिरणं बघत बसली आणि म्हणाली, आमच्या डिशवर निदान माणसं तरी दिसत्यात. मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी दाजींनी जुन्या फोनमध्ये नवं सिम घातलं आणि तो पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगला. आता चालतं सगळं. दगडाबाईला मी परत बोलावून आणलं, चहा पाजला आणि आईकडून तिच्यासमोर आरती लावून घेतली. मला वाटलं, जिंकले.

तुला वाटेल, ताई हे कधीपासून मनात धरून बसलीय. सांगते. तू बारामतीला हॉस्टेलवर होतीस तेव्हा रोज सकाळच्या एसटीनं तुझा डबा यायचा. आई पहाटेच खुरपायला गेलेली असायची. भाकरी मी थापायची, डबा मी भरायची आणि फाट्यापर्यंत धावत जाऊन कंडक्टरच्या हातात मी द्यायची. तू सुट्टीला आलीस की पाहुण्यारावळ्यांत सांगायचीस, आईच्या हातच्या भाकरीवर माझ्या मैत्रिणी तुटून पडतात. आई नुसती हसायची आणि तुझ्या पाठीवरून हात फिरवायची. ती भाकरी संजीवनीची आहे, एवढं तिनं एकदा तरी म्हणावं, म्हणून मी दर वेळी तिथं दारात थांबायची. तुझ्यावर माझा राग नाही, तुला कोण सांगणार होतं? पण पाठीवरचा तो हात मला पाहिजे होता.

आता परवाचं ऐक. दुपारी मी मागं भांडी घासत होते, दाजी रानात. घरात कुणी नाही असं आईला वाटलं असावं. मी पाणी घ्यायला आत आले तर ती टीव्हीसमोर उभी. रिमोट तोंडापाशी धरला होता, पण आरतीला सोडते तसा हुकूम नव्हता तो. हळूच म्हणाली, स्वरूपा. पडद्यावर आल्या की भराभर स्वरूपा! एक केक करणारी, एक गाणं म्हणणारी, एक केसांना कुठलं तेल लावावं ते सांगणारी. आई चष्मा लावून पडद्याला नाक लावेपर्यंत पुढं गेली, एकेक तोंड निरखून बघितलं आणि म्हणाली, ही न्हवं. परत बटण दाबलं. आमची स्वरूपा, बारामतीची. देवाचं नाव घेतलं की देव येतोय, कीर्तनकाराचं घेतलं की तो येतोय, मग लेक का येणार नाही, असंच तिला वाटलं असणार.

दुसरी कुणी असती तर हसली असती. मला हसू आलं नाही. मी हाकेच्या अंतरावर होते स्वरूपा, ओल्या हातानं, तिचंच ताट घासत होते. मी मुद्दाम आवाज करून पुढं गेले आणि विचारलं, काय गं, स्वरूपाची सय येतीय का? तर म्हणाली, छ्या, बटण चालतंय का बघत हुते. आणि लगेच माझ्या नव्या टीव्हीचं कौतुक करायला लागली, लई मोठा हाय, लई साफ दिसतंय. माझं मन राखायला म्हातारी खोटं बोलली. ते मला जास्त लागलं.

म्हणून दाजींना सांगितलंय, उद्या आईला बारामतीला सोडा. तिला आधी सांगणार नाही, सांगितलं तर माझ्याकडं बघून ती न्हाय म्हणेल. ती तुझ्या दारात उभी राहील तेव्हाच दाजी हे पत्र तुझ्या हातात देतील. खोली तयारच आहे, तेव्हा वेगळं काही सांगत नाही. डाव्या गुडघ्याला तेल जास्त लाव, आणि ती नको म्हणाली तरी रात्री अर्धी भाकरी दुधात चुरून दे. ती माझ्याकडं असली की तुझं नाव घेते, हे तुला सांगून झालं. आता तू मला एक सांग, त्याच्यासाठीच एवढं लिहिलंय. ती तुझ्याकडं असते तेव्हा कधी माझं नाव घेते का? घेत असेल तर आजच फोन कर आणि सांग. आणि घेत नसेल तरी फोन कर, आणि घेते म्हणून सांग.

जळली तरी तुझीच,
संजीवनीताई