कार्ड आत, मशीन म्हणतं न्हाई

नांदूरघाट, मंगळवार

प्रिय रुकसाना,

तुला सलाम, जमीलभाईंना रामराम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. माझं ठीक आहे. (यांना जाऊन येत्या पौर्णिमेला दोन वर्षं होतील. ठीक म्हणजे तेवढंच ठीक.)

तुझी सहर शुक्रवारपासून माझ्याकडे आहे. आमच्या बचत गटाच्या पाण्याच्या मशीनचा प्रोग्राम ती लिहितेय, हे तुला माहीतच आहे. कार्ड खाचेत घातलं की मशीननं नाव ओळखायचं आणि घागर भरायची, एवढंच काम. पण तू तिला बजावलेलं, की हे पहिलं काम फसलं तर लॅपटॉप मिटून आष्टीला यायचं आणि आलेल्या स्थळाला हो म्हणायचं. त्यामुळे पोरगी घाससुद्धा स्क्रीनकडे बघत खायची.

शनिवारी साठ बाया घागरी घेऊन हजर. पहिलं कार्ड गटाच्या अध्यक्ष छबुबाईंचं. मशीनवर अक्षरं उमटली, 'कार्ड नाही'. मी ती मोठ्यानं वाचली (चाळिशीनंतर एकटीनं वाचायला शिकलेल्या बाईला दिसेल ते मोठ्यानं वाचायची खोड असते) आणि छबुबाई भडकल्या. "न्हाई कसं? मग हे काय हाय, पापड?" दुसरं कार्ड, तिसरं कार्ड, तेच. माझी पाळी यायच्या आत बाया हापशाकडे गेल्या आणि छबुबाईंनी सोमवारपर्यंतची मुदत दिली.

सहरनं दोन दिवस प्रोग्राम उलटापालटा केला. "मावशी, कार्ड आत हाय, अन् हे म्हणतंय न्हाई!" मी म्हटलं, बाई, मी कचेरीत साहेबांसमोर उभी असताना गैरहजर लागलेली आहे, तू कार्डाचं काय सांगतेस.

सोमवारी सकाळी सहज माझं कार्ड खाचेत गेलं. मशीननं माझं पूर्ण नाव दाखवलं आणि घागर भरून वाहायला लागली. "मावशी, तुमच्याच कार्डात असं काय हाय?" काय नाही, ते विचारायला हवं होतं. सहर यायच्या आदल्या दिवशी छबुबाईंनी सगळी कार्डं पाटावर मांडून पूजा केली होती. नवी वस्तू, पूजा हवीच. प्रत्येकीनं आपल्या कार्डावरच्या सोनेरी चौकोनाला तेलाच्या बोटानं हळद-कुंकू लावलं आणि मग पदरानं पुसलं. माझ्यापुढे कुणी करंडा केला नाही, म्हणून माझं कार्ड कोरं राहिलं. मी हे विसरूनच गेले होते.

मेडिकलमधून स्पिरिट आणून दुपारपर्यंत सगळी कार्डं पुसली. आता मशीन अगदी छबुबाईंनासुद्धा ओळखतं. त्या म्हणाल्या, "वनमाला, आधी तुझ्याच कार्डानं पाणी दिलं की गं." कौतुकानं म्हणाल्या, मीही तसंच घेतलं.

तुझी,
वनमाला

ता.क. केजच्या एका गटानंही सहरला काम देऊ केलंय. स्थळाला थांबायला सांग. राहायला माझ्याकडे जागा आहे.

ता.क. आणखी : वर 'विसरूनच गेले होते' लिहिलं ते खोटं आहे. पहिल्या 'कार्ड नाही'लाच मला कळलं होतं. पण काम झालं की पोरगी जाणार, आणि दोन वर्षांनी माझ्या घरात दोन ताटं मांडली जात होती. सोमवारी ती रडत बॅग भरायला लागली, तेव्हा मीच माझं कार्ड तिच्या हातात दिलं. तिला हे सांगितलेलं नाही. तू खुशाल सांग, पण आधी तिच्या इथं राहण्याला होकार कळव.