जानराव मास्तरांच्या खांबाला लागलेला शेंदूर

प्रति,
मेहेरबान नझूल अधिकारीसाहेब,
अमरावती.

विषय : बास्केटबॉलचा खांब देवस्थान नसल्याबद्दल व तो न उपटण्याबद्दल.
संदर्भ : आपली नोटीस, ता. ३ मार्च १९४४.

महोदय,

अर्जदार वकिलाकडील निवृत्त कारकून असून कीर्तनाचा वेडा आहे. दुसरे व्यसन नाही.

१. कॉलेजच्या मैदानावरील विनापरवाना देवस्थान पंधरा तारखेच्या आत काढावे, अशी आपली नोटीस आहे. जागेवर हार, नारळ व शेंदूर आहे, हे खरे. परंतु तो बास्केटबॉलचा पूर्वेकडील खांब असून त्याचा देव अर्जदाराने केला. कॉलेज निर्दोष आहे.

२. हा खांब कै. जानराव वानखडे मास्तरांनी रोवला. अंजनगाव सुर्जीकडचा हा शेतकऱ्याचा मुलगा मद्रासेस खेळ शिकून आला आणि एकवीस वर्षे कॉलेजच्या मुलांना शिकवीत राहिला. आरंभी लोखंडी कडे मिळेना, म्हणून अकोटच्या बाजारातली बांबूची टोपली टांगली. चेंडू आत पडला की दर वेळी शिडी लावणे आले. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी विळ्याने टोपलीचे बूड कापले आणि म्हणाले, "पाहा रे पोट्टेहो, बूड असलं का साठवाची हाव सुटते. आलं ते सोडून द्याचं." महोदय, चाळीस वर्षे कीर्तने ऐकली, पण वैराग्य इतके सोपे करून कोणी सांगितले नाही.

३. पूर्वरंग संपला की कीर्तनात बुक्का लावतात. मास्तर अर्ध्या खेळाला तसाच लावीत, सामन्याला आलेल्या अकोल्याच्या मुलांनाही. त्यामुळे पुढे भांडण होत नसे. एकदाच झाले, त्या दिवशी बुक्का सरला होता.

४. गतवर्षी मास्तर गेले. वर्षश्राद्धास मैदानावरच कीर्तन ठेवले. शेवटी बुवांच्या गळ्यातला हार मास्तरांच्या तसबिरीला घालावा, तर त्यांनी जन्मात तसबीर काढलेली नाही. तेव्हा अर्जदाराने शिडी लावून तो कड्याला घातला. एवढाच गुन्हा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या माणिकबाईंनी तिथे नारळ बांधला आणि त्यांची हरवलेली म्हैस सांजेला आपल्या पायांनी घरी आली. मग काय विचारता! आठवड्यात नारळ चौतीस झाले, आणि कोणीतरी शेंदूर फासला.

५. आता मुले जोडे काढून खेळतात, आणि देवाला चेंडू मारावा कसा म्हणून हात आखडतात. सरावाच्या सामन्यात अकोल्याकडून चाळीस-दोनने हरलो. त्यांचे मास्तर पंजाबराव म्हणाले, "काहून हो काका, तुमच्या पोट्ट्यायले मोक्ष पायजे का पॉइंट?" जानरावांच्या स्मरणार्थ खरा सामना अठरा तारखेस आहे. पंधराला खांब गेला तर अकोलेकर कशावर खेळतील आणि आम्ही कशावर हरू?

६. सबब विनंती की, खांब राहू द्यावा. देव मी काढून नेतो. शेंदूर तेलाने पुसून काढीन, पाप लागल्यास अर्जदारास लागावे. माणिकबाई अडून बसल्या होत्या : "देवाले नेसान, तं माह्या म्हशीले कोन पाहीन?" रोज सांजेला मी पाहीन, असे कबूल केले आहे. देवाची सोय माझ्या घरी होईल. मास्तरांची होत नाही. त्यांना दहा फूट उंची लागते, आणि वरून आलेले खाली सोडायला मोकळी जागा.

आपला नम्र व शेंदऱ्या हातांचा,
हरिहर विश्वनाथ धर्माधिकारी
अमरावती, ता. ६ मार्च १९४४

सोबत :
(अ) नोटिशीची नक्कल.
(आ) मास्तरांनी बूड कापलेली मूळ टोपली. पाहून परत मिळावी. तीत कागद ठेवू नयेत, राहत नाहीत.