चार मोजल्याशिवाय

स्पोकेन, रविवार दुपार

प्रिय लॉर्ना,

हे पत्र मी डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करते आहे. चुका दिसल्या तर तुझ्या नवऱ्याने, रॉयने, वाचून दाखवताना त्या गुपचूप दुरुस्त कराव्यात. उजवा हात मांडीखाली दाबून बसले आहे. बाहेर काढला की लगेच टेबलावर टकटक सुरू करतो, आणि तीही बेताल. तुला ऐकवलं नसतं. ब्रिटा म्हणाली, आई, फोनला सांग, तो लिहून घेईल. सांगून पाहिलं. त्याने तुझं नाव 'लॉन' असं लिहिलं आणि पुढे गवत कापायच्या यंत्राची जाहिरात दाखवली. मग म्हटलं, एक बोट तर एक बोट.

सरळच सांगते, मला भीती वाटते आहे. परवा परवापर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की ठीक आहे, आजकाल हे सर्रास करतात. शेजारच्या मेबलला सांगितलं, चर्चमधल्या बायकांना सांगितलं, ब्रिटाला तर इतक्या वेळा सांगितलं की तिला संशय यायला लागला. तुला तसं सांगण्यात अर्थ नाही. एव्हरेटच्या हॉलमागे कचऱ्याच्या पिंपात मी ओकत असताना माझे केस वर धरून कोण उभं राहायचं? तेव्हा तुझ्यापुढे शूरपणा नको. गुरुवारी सिअॅटलला माझं ऑपरेशन आहे, आणि भीतीने माझ्या घशाखाली टोस्टसुद्धा उतरत नाही.

हाताचं तुला माहीत आहेच. आधी कॉफी अर्धा कप घ्यायला लागले, मग झाकणाच्या कपातून, मग नळीने. तिथवर मी हसून घेतलं. पण गेल्या वर्षी माझ्याकडे गिटार शिकणाऱ्या एका मुलीची आई हळूच म्हणाली, मिसेस लुंड, तुमचं बघून बघून हीसुद्धा तार हलवूनच वाजवते, तिला वाटतं तसंच वाजवायचं असतं. त्या दिवशी शिकवणी बंद केली. गिटार पलंगाखाली सरकवली. तुला सांगते, नवरा गेला तेव्हा घर इतकं गप्प नव्हतं झालं.

डॉक्टर हॉल्व्हर्सन माझ्या ब्रिटापेक्षाही लहान आहेत. केक कसा करतात ते सांगावं तशा शांतपणे त्यांनी मला सांगितलं की कवटीला कोटाच्या बटणाएवढं भोक पाडायचं, त्यातून बारीक तार आत सोडायची, आणि तारेतून वीज द्यायची. तार नेमक्या जागी पोचली की हाताची थरथर थांबते. मी म्हटलं, बरं, मग मला झोपवा आणि करा काय ते. तर म्हणतात, झोपलेल्या माणसाचा हात थरथरतच नाही, मग मला कळणार कसं? तुम्हाला जागं राहावं लागेल. वर म्हणतात, नुसता कप धरायचा असेल तर मी तुम्हाला कागदावर गोल काढायला लावीन, तेवढ्यावर भागेल. पण तुम्हाला गिटार हवी असेल, तर टेबलावर गिटारच वाजवावी लागेल. तुम्ही वाजवा, मी ऐकत ऐकत जागा शोधते.

म्हणजे बघ. डोकं लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेलं, वर भोक, आत तार, आणि आर्डिसबाई पोटावर गिटार घेऊन वाजवताहेत. असल्या कार्यक्रमाला आपल्या स्प्लिंटर्स बँडला कधी बोलावणं आलं नव्हतं. छिद्र पाडताना आवाज येतो म्हणे, आतून येतो, कान झाकून उपयोग नाही. रक्तस्राव होऊ शकतो. बोलणं जाऊ शकतं. हे वाक्य तुला लिहिताना माझं बोट बराच वेळ थांबलं होतं, पण लिहिलं ते राहू दे. तुझ्यापासून काही लपवून लिहायचं तर मग लिहायचंच कशाला.

आणि तरी खरी भीती छिद्राची नाही. खरी भीती मी आणखी कुणाला सांगितलेली नाही, कारण ती फक्त तुलाच समजेल. मला भीती आहे ती ही, की डॉक्टर म्हणतील, वाजवा, आणि मी वाजवायला सुरुवातच करणार नाही.

रोलर स्केटिंगच्या हॉलमधली ती शनिवारची दुपार तुला आठवत असणारच. सहासष्ट सालचा एप्रिल. त्याआधी आपण कुठे वाजवलं होतं? तुमच्या गॅरेजमध्ये. तुझे बाबा कागद कारखान्यातून आले की आपली पिकअप बाहेर पावसात उभी करायचे आणि कुरकुरायचे, माझी गाडी भिजते आणि यांचा ढणढणाट कोरडा राहतो. पण तू जोरात पाय मारलास की मोठा ड्रम पुढे सरकायचा आणि तू स्टुलासकट त्याच्या मागे मागे, म्हणून त्याच बाबांनी जमिनीवर फळी ठोकून दिली. एका अँप्लिफायरमध्ये माझी गिटार, ट्वायलाचा बेस आणि फर्नचा माइक, तिघींच्या वायरी. काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. म्हणून आपण कानांनी नाही, डोळ्यांनी वाजवायचो. तू काठ्या डोक्यावर धरायचीस, एकमेकींवर आपटत चार मोजायचीस, आणि चारनंतर आम्ही तिघी उडी टाकायचो. बाकी कसं वाजवायचं ते आपल्याला कुणी शिकवलं नाही. रेकॉर्डवर सुई उचलून उचलून शिकलो. तीन कॉर्ड येत होत्या, त्यातली एक फर्नला चुकीची येत होती.

त्या दुपारी आपल्या आधी त्या मरिसव्हिलच्या पोरांचा बँड होता, चौघांचे सारखे कोट आणि सारखे केस. आपण सामान चढवत होतो तर त्यातला उंच म्हणाला, पोरींनो, घरी भांडी पडली असतील ना? तू ड्रमपुढच्या फळीला खिळे ठोकता ठोकता मान वर न करता म्हणालीस, घासूनच आलोय, आता तुमची पाळी. सगळा हॉल हसला. मी नाही हसले. माझे पाय थिजले होते. समोर दोनतीनशे पोरं-पोरी चाकांच्या बुटांवर घिरट्या घालत होत्या आणि माझ्या डोक्यात एकही कॉर्ड शिल्लक नव्हती.

तू मोजलंस, एक, दोन, तीन, चार. ट्वायला शिरली, फर्न शिरली, मी उभीच. सुरुवात माझी होती, माझ्याशिवाय त्या दोघी काय वाजवणार, दोन उड्या मारून थांबल्या. लोक हसायला लागले. तू परत मोजलंस. मी परत उभीच. तो उंच पोरगा ओरडला, पुढचे आकडे येत नाहीत वाटतं. मला वाटलं, आता तू काठी फेकून मारणार, त्याला नाही तर मला. तू स्टुलावर उभी राहिलीस, काठ्या छताकडे धरल्यास, आणि पोरांकडे बघून ओरडलीस, ऐकू नाही आलं, सगळ्यांनी मोजा. आणि त्या तिसऱ्या वेळी सगळ्या हॉलने मोजलं. पण मला त्यांचं काही ऐकू आलं नाही. मला तुझं तोंड दिसत होतं आणि तुझे डोळे माझ्यावर होते, रागाने नाही, नुसते वाट बघत. चार झाले आणि माझा हात पडला.

लोकांना वाटलं ही आपली पद्धतच आहे. पुढे दोन उन्हाळे आपण जिथे गेलो तिथे पोरं आधीच ओरडायची, तीनदा मोजा, तीनदा मोजा. शेल्टनच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तर चक्क फलक घेऊन आले होते. आपणही ऐटीत दोनदा खोटी सुरुवात करायचो. त्या दोन खोट्या वेळा माझ्यासाठी खऱ्या असायच्या हे फक्त तुला ठाऊक होतं. तू कधी बोलली नाहीस. फर्न गेली, तिलाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

तुला गंमत सांगू? मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं, पण मोजायचं काम नेहमी मुलांकडे दिलं. पालकांना वाटायचं काय छान पद्धत आहे, मुलाला आत्मविश्वास येतो. कसला आत्मविश्वास. मी स्वतः मोजलं की चारनंतर पाच येतो, मग सहा, आणि मी आपली मोजतच बसते.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात रंगीत तालीम झाली. भोक सोडून बाकी सगळं. चौकटीत डोकं अडकवलं, गिटार पोटावर ठेवली. आपलंच ते गॅरेजचं गाणं वाजवायचं ठरवलं होतं, तीन कॉर्डचं, झोपेतसुद्धा यायचं. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या सवडीने सुरू करा. सवडीने! मी छताकडे बघत पडले. हात थडथड हलत होता आणि मी त्याला काही सांगू शकत नव्हते. मग त्यांनी मोजून दिलं, पण भूल देताना मोजतात तसं हळुवार, मला डोळे मिटावेसे वाटले. ब्रिटाने मोजलं, बसमध्ये सगळी मुलं चढली ना हे बघावं तसं. एका नर्सने फोनवर तालयंत्र लावलं. ते टिक टिक करत राहतं, थांबतच नाही, त्यात शिरायचं कुठून? तुझ्या चौथ्या ठोक्यानंतर एक रिकामी जागा यायची, तिथे उडी टाकल्यावाचून सुटकाच नसायची. ती यंत्रात नाही. शेवटी डॉक्टर हॉल्व्हर्सननी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, गुरुवारीही असंच झालं तर मी कपापुरती जागा शोधेन, मिसेस लुंड, त्यापुढे मला अंदाजाने जाता येणार नाही. त्यांचं बरोबर आहे. 

रॉय मला दर महिन्याला फोन करतो हे तुला ठाऊक आहे, तू खोलीतून उठून जातेस तेही त्याने सांगितलं. रागावू नकोस त्याच्यावर. जानेवारीत तुला पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून तो मला सगळं सांगतो. तू जेवतेस, फिरतेस, पत्त्यांत त्याला हरवतेस, सगळं समजतं, फक्त शब्द येत नाहीत. मीठ हवं असलं की तोंडातून 'खिडकी' निघतं आणि मग तू चमचा आपटतेस. चमचा आपटतेस हे ऐकून मला बरं वाटलं होतं. पण फोन वाजला की तुझा चेहरा उतरतो, तू दार लावून घेतेस, हे त्याने सांगितलं तेव्हा मला ती भीती ओळखीची वाटली. पाय थिजणं कसं असतं ते मला विचार. तुला कधी भीती वाटेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं, लॉर्ना, आणि खरं सांगायचं तर माझ्या भीतीपेक्षा तुझ्या भीतीनेच मी जास्त हादरले.

आता मी हे पत्र का लिहिते आहे ते. काल रॉयचा फोन आला होता, महिना व्हायच्या आतच.  म्हणाला, व्यायाम करवून घेणारी मुलगी तुला पायऱ्या चढवत होती, तू कठडा धरला होतास, आणि चढता चढता तू स्पष्ट म्हणालीस, एक, दोन, तीन, चार. त्या मुलीने सांगितलं की असं होतं, बाकी शब्द गेले तरी मोजणं राहतं, ते डोक्यात वेगळीकडे असतं. रॉय स्वयंपाकघरात जाऊन रडला. मी इथे सोफ्यावर बसून रडले, आणि मग डॉक्टर हॉल्व्हर्सनना फोन केला. त्या म्हणाल्या, नर्स फोन धरेल, आवाज मोठा ठेवू. तेव्हा गुरुवारी सकाळी तुमच्याकडे फोन वाजेल. दार लावून घेऊ नकोस. हॅलो म्हणायचं नाही, माझं नाव घ्यायचं नाही, मी कशी आहे विचारायचं नाही, आणि तुलाही तिथे कुणी काही विचारणार नाही, मी सगळ्यांना बजावलं आहे. बाबांची फळी नसली तरी रॉयचं टेबल आहे, चमचे आहेत. तू फक्त मोज. पहिल्यांदा मी गोठेन, दुसऱ्यांदाही कदाचित. थांबू नकोस, पुन्हा मोज. चारच्या पुढचं मी बघते.

तुझ्या काठ्यांकडे डोळे लावून उभी असलेली,
तुझीच,
आर्डिस