लहान वाटीची मूद

कल्याण, आषाढ वद्य तृतीया, शके १८१०

आज सकाळी वन्सं विहिरीवर चक्कर येऊन पडल्या. वैद्यबुवा नाडी पाहून म्हणाले, "पोटात अन्न नाही." वन्सं चटकन म्हणाल्या, "मलाच हल्ली भूक नसते."

खोटं आहे ते. नवरा गेल्यापासून त्या आमच्याकडे आहेत आणि एकदाच जेवतात. तो एक वेळचा भातही मी मापून वाढते. दिवाळीपर्यंत तांदूळ पुरायला हवा, म्हणून त्यांची मूद लहान वाटीने पाडते. आमच्या पानांत मात्र मोठीच वाटी! पुरवायचाच होता तर सगळ्यांना लहान वाटी का नाही घेतली मी? ह्याला काटकसर म्हणतात का?

संध्याकाळी दूध घेऊन गेले आणि सांगून टाकलं, "वन्सं, मी तुम्हांला मुद्दाम कमी वाढत होते."

"ठाऊक आहे गं मला."

"मग मागितलं का नाहीत?"

"भावाच्या घरी दुसऱ्यांदा भात मागायचा कसा?"

मग त्यांनी अर्धं दूध दुसऱ्या पेल्यात ओतून माझ्यापुढे सरकवलं. "तूही दमली असशील, घे."

मी प्याले. नको म्हणायलाही मला तोंड नव्हतं.